कुत्र्यानं विषारी काही खाल्लं तर: पहिल्या तासात काय, कोणत्या क्रमानं

बहुतेक घरांत चूक एकाच ठिकाणी होते. कुत्र्यानं नेमकं काय खाल्लं हे बघायच्या आधीच त्याच्या तोंडात काहीतरी ओतलं जातं. कोणी मिठाचं पाणी पाजतं, कोणी ताक, कोणी गोडं तेल, कोणी चुलीतला कोळसा कुटून. यातल्या काहींनी नुसता वेळ जातो आणि काहींनी कुत्रा लवकर दगावतो. तालुक्याचा दवाखाना पंचवीस-तीस किलोमीटरवर असेल, तर हातातला अर्धा तास योग्य क्रमानं वापरणं हाच खरा उपचार. खालचा क्रम तोडू नका.

## आधीची तयारी (आजच, कुत्रा ठणठणीत असताना)

वजन. औषधाचं प्रमाण वजनावर ठरतं आणि गडबडीत अंदाज पाच-सात किलोनं चुकतो. कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजा करा. घरी काटा नसेल तर कापूस किंवा धान्य मोजतात तो चालतो. आकडा कोठ्याच्या दारामागे खडूनं लिहून ठेवा. वाढत्या पिल्लाचं वजन दर महिन्याला घ्या.

फोन नंबर. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचे डॉक्टर, तालुक्यातले एक खाजगी डॉक्टर आणि रात्री-बेरात्री गाडी काढणारा गावातला एक माणूस. १९६२ हा टोल-फ्री क्रमांकही लिहा. तो फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा आहे. पण पथक येईल म्हणून ओट्यावर वाट बघत बसू नका, एकीकडे फोन लावून दुसरीकडे निघायच्या तयारीला लागा. गुंतागुंतीच्या केससाठी नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यकीय संस्था ही विदर्भातली दोन मोठी ठिकाणं. तुमच्या गावाहून कोणतं जवळ पडतं ते आधीच ठरवा.

एक डबा. त्यात रबरी हातमोजे, थर्मामीटर, सुई नसलेली २० मिलीची सिरिंज, बॅटरी, दोन-चार प्लास्टिकच्या पिशव्या, अंगाचा साबण, जुनी चादर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची न उघडलेली बाटली (डॉक्टरनं सांगितलं तरच उलटी करवायला, टप्पा ५ बघा).

> बाटली तपासा: मेडिकलमध्ये बहुधा ‘२० व्हॉल्यूम’ लिहिलेलं पेरॉक्साइड मिळतं. ते साधारण ६ टक्क्यांचं असतं. कुत्र्यासाठी ३ टक्के (१० व्हॉल्यूम) लागतं. म्हणजे २० व्हॉल्यूमचं असेल तर तितकंच पाणी घालून अर्धं करायचं. उघडून बरेच महिने झालेली बाटली मेलेली असते. वाटीत थोडं ओतून त्यात कच्च्या बटाट्याची फोड टाका, फसफसलं नाही तर फेकून द्या.

## टप्पा १: विषापासून कुत्रा दूर, कुत्र्यापासून लेकरं दूर

कुत्र्याला साखळीला धरून उघड्या जागेत न्या. इतर कुत्री, कोंबड्या, मांजर त्या जागेवरून हाकला. तोंडात अजून तुकडे दिसत असतील आणि कुत्रा शांत असेल तर मोजे घालून काढा. झटके येत असतील तर तोंडात हात घालू नका. जीभ आवळली जाईल या भीतीनं चमचा किंवा काठी घालणंही नको.

अंगावर फवारणीचं औषध सांडलं असेल तर साबण-पाण्यानं धुवा. कुत्रा केस चाटून तेच विष परत पोटात घेतो, आणि धुणाऱ्याच्या कातडीतूनही ते आत शिरतं. म्हणून मोजे.

## टप्पा २: एक मिनिटाची तपासणी

चारच गोष्टी बघा.

- श्वास: छाती किती वेळा वर-खाली होते ते पंधरा सेकंद मोजा आणि चारनं गुणा. निवांत बसलेल्या कुत्र्याचा श्वास मिनिटाला साधारण १० ते ३० असतो.
- हिरड्या: गुलाबी असाव्यात. बोटानं दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. पांढऱ्या, निळ्या किंवा विटकरी दिसल्या तर थेट गाडीत.
- डोळ्याची बाहुली: टाचणीच्या टोकाएवढी बारीक की मोठी फाकलेली? हे डॉक्टरला नक्की सांगा. यावरून अर्धं निदान होतं.
- स्नायू: मांडी, खांदा, पापणी थरथरतेय का?

> थांबा, हे विषच आहे का? काही खाल्ल्याचं कोणी पाहिलं नाही, कुत्र्याला रेबीजची लस नाही, दोन-चार दिवसांपासून वागणं बदललंय, लाळ गळतेय, जबडा लोंबतोय, आवाज बदललाय: असं असेल तर तोंडाजवळ जाऊ नका. ही पिसाळल्याची लक्षणं असू शकतात. लाळ हाताच्या जखमेला लागली असेल तर जखम वाहत्या पाण्यात साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.
>
> एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर असताना दुपारी धापा टाकत, लाळ गाळत कोसळलेल्या कुत्र्याला उष्माघातही असू शकतो. गुदद्वारातून ताप बघा. ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस ठीक. ४१ च्या वर असेल तर सावलीत नेऊन साध्या पाण्यानं भिजवा, वारा घाला. बर्फ नको.

## टप्पा ३: काय, किती, कधी

दोन माणसं असतील तर एकानं कुत्र्याजवळ थांबावं, दुसऱ्यानं ही शोधाशोध करावी. पाच मिनिटांच्या वर वेळ घालवू नये.

पुडी, बाटली, डबा, लेबल जे सापडेल ते पिशवीत घाला. कीटकनाशकाच्या लेबलवर दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, रंगीत त्रिकोण: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. दोन, ठळक ब्रँडच्या खाली बारीक अक्षरांत छापलेलं मूळ रसायनाचं नाव. डॉक्टरला ब्रँड सांगून फारसा उपयोग नाही, रसायन सांगा. सोबतच्या घडीपत्रकावर उतारा छापलेला असतो, त्याचा फोटो काढून पाठवा.

प्रमाण काढताना वाईटात वाईट धरा. १०० ग्रॅमची पुडी होती, ४५ ग्रॅम उरली, थोडी जमिनीवर सांडलीय. तरी ५५ ग्रॅम पोटात गेली असंच समजा.

उलटी झाली असेल तर तीही मोज्यांनी पिशवीत भरा. त्यातला निळा-हिरवा दाणा, औषध लावलेली गुलाबी रंगाची सरकी, काळपट भुकटी पुढं कामी येते.

काहीच सापडलं नाही तर ठराविक जागा बघा. पंप धुतलेली जागा सर्वांत आधी. फवारणीहून आल्यावर विहिरीजवळ किंवा आंगणात पंप विसळला जातो आणि ते दुधट पाणी दगडाच्या खळग्यात साचून राहतं. तहानलेलं कुत्रं तिथंच तोंड घालतं. मग कोठ्यातली बियाण्याची फाटकी पिशवी, धान्याच्या कोठीमागं ठेवलेली उंदराची वडी, धुऱ्यावर (बांधावर) रानडुकरासाठी कोणी टाकलेलं आमिष. (असं आमिष टाकणं वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. आपल्याच वावरात टाकलं तरी.)

## टप्पा ४: फोन

“कुत्र्यानं काहीतरी खाल्लं, लवकर सांगा” असं बोलून डॉक्टरला उलट दहा प्रश्न विचारावे लागतात. एका दमात एवढं सांगा:

“डॉक्टर, कुत्रा अठरा किलोचा, तीन वर्षांचा. पाऊण तासापूर्वी मोनोक्रोटोफॉस सांडलेलं पाणी प्यायला. लाळ गळतेय, बाहुली बारीक, मागचे पाय थरथरतात. एक उलटी झाली, शुद्धीवर आहे. अजून काही पाजलं नाही. निघू का? उलटी करवू का?”

कुत्री गाभण किंवा दूध पाजणारी असेल, आधीची काही औषधं चालू असतील तर तेही. घरात आधीच काही पाजून झालं असेल तर लपवू नका.

## टप्पा ५: उलटी करवायची का?

सर्वांत जास्त नुकसान याच टप्प्यात होतं. डॉक्टरनं “करवा” म्हटल्याशिवाय करवायची नाही. फोन लागलाच नाही तर करवायची नाही, सरळ निघायचं.

कधीच नाही:
- कुत्रा गुंगीत, बेशुद्ध, थरथरत किंवा झटक्यांत असेल तर. उलटी फुप्फुसात जाते.
- रॉकेल, पेट्रोल, डिझेल किंवा तेलकट द्रावणातलं कीटकनाशक प्यायला असेल तर. कारण तेच.
- ॲसिड, संडास साफ करायचं द्रव, कॉस्टिक सोडा, बॅटरीचं पाणी. जाताना जाळतं, येताना परत जाळतं.
- पग किंवा तत्सम चपट्या नाकाचा कुत्रा.
- खाऊन दोन तासांच्या वर झाले असतील तर. बहुतेक विष पोटातून पुढं गेलेलं असतं.

डॉक्टरनं सांगितलं तर ३ टक्के पेरॉक्साइड, किलोला १ ते २ मिली. कुत्रा कितीही मोठा असला तरी एका वेळी ४५ मिलीच्या वर नाही. म्हणजे १५ किलोच्या कुत्र्याला १५ ते ३० मिली. सिरिंजचं टोक गालाच्या कोपऱ्यात ठेवून थोडं थोडं सोडा, मान वर ताणून घशात ओतू नका. मग उघड्यावर हळूहळू चालवा. पंधरा मिनिटांत उलटी नाही झाली तर तेवढंच एकदा आणखी. तिसऱ्यांदा नाही. मांजराला हे कधीही देऊ नये, तिच्या पोटात रक्तस्राव होतो.

घरगुती उपाय का नको, ते एकदा नीट समजून घ्या:

*मिठाचं पाणी.* उलटी झाली नाही तर सगळं मीठ रक्तात जातं आणि त्यानंच झटके येतात. मग विषाचे कोणते, मिठाचे कोणते, हे डॉक्टरलाही कळत नाही.

*दूध, तूप, तेल.* विष मारतं हा गैरसमज. काही विषं चरबीत विरघळतात, दुधा-तुपाबरोबर ती आतड्यातून आणखी लवकर शोषली जातात.

*चुलीतला कोळसा.* दवाखान्यात देतात तो ॲक्टिव्हेटेड चारकोल वेगळा तयार केलेला असतो, आणि लागतोही भरपूर: किलोला १ ते ४ ग्रॅम. चुलीतल्या कोळशात ती ताकद नाही. गुंगीतल्या कुत्र्याला पाजला तर छातीत जातो.

*घशात बोटं.* कुत्र्याला यानं सहसा उलटी होत नाही. तुम्हाला चावा मात्र बसतो.

## टप्पा ६: गाडीत

कुत्र्याला चादरीवर कुशीवर झोपवा, मान सरळ, तोंड किंचित खाली, म्हणजे लाळ-उलटी बाहेर पडेल. उलटी करणाऱ्या किंवा धापा टाकणाऱ्या कुत्र्याचं तोंड बांधू नका. झटके येत असतील तर घट्ट धरून ठेवू नका, डोकं आपटणार नाही एवढं बघा आणि झटका किती वेळ टिकला ते मोजा. फटफटीवर न्यायची वेळ आली तर मागं बसणाऱ्याच्या मांडीवर आडवा, तोंड उघडं. पोत्यात घालून तोंड बांधलेला कुत्रा वाटेतच गुदमरतो.

> खिडक्या उघड्या ठेवा. उंदीर मारायच्या काळ्या भुकटीत (झिंक फॉस्फाइड) किंवा धान्यात ठेवायच्या गोळ्यांमध्ये (ॲल्युमिनियम फॉस्फाइड) पोटात फॉस्फीन वायू तयार होतो. उलटीतून तो बाहेर येतो. बंद गाडीत माणसांनाही बाधतो. लसणासारखा किंवा सडक्या मासोळीसारखा वास आला तर तोंड वळवा. वास येत नाही म्हणजे वायू नाही असंही नाही.

सोबत न्या: पुडी-डबा, उलटीची पिशवी, लसीकरणाचं कार्ड, पैसे.

## टप्पा ७: कोणत्या विषात काय अपेक्षित

नाव कळणं का गरजेचं, ते इथं दिसेल. सारखी थरथर, पण उतारा वेगळा.

फवारणीची फॉस्फरसवाली औषधं (मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस, जुन्या साठ्यातलं थिमेट). काही मिनिटांपासून काही तासांत लाळ, डोळ्यांत पाणी, जुलाब, आपोआप लघवी, बारीक बाहुल्या, थरथर, छातीत घरघर. उतारा ॲट्रोपिन. इथं एक व्यावहारिक अडचण येते. साध्या मेडिकलमध्ये मिळणाऱ्या एका अँप्यूलमध्ये ०.६ मिलिग्रॅम असतं. कुत्र्याला सुरुवातीचा डोसच किलोला सुमारे ०.२ मिलिग्रॅम लागतो. म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला ४ मिलिग्रॅम, जवळपास सात अँप्यूल, आणि तोही पुन्हा पुन्हा द्यावा लागू शकतो. छोट्या दवाखान्यात एवढा साठा नसतो. म्हणून फोनवरच विचारा: “ॲट्रोपिन आहे का? किती आणू?” वाटेत तालुक्याच्या मेडिकलमधून उचला. स्वतः टोचू नका. दुसरं औषध ‘पाम’ (प्रॅलिडॉक्झिम), ते लवकर दिलं तरच उपयोगी.

पायरेथ्रॉइड (सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन). गायी-बैलांच्या गोचिडांवर लावायचं औषध अंदाजानं पाण्यात मिसळून कुत्र्याला अंघोळ घातली जाते आणि कुत्रा ते चाटतो. लाळ आणि थरथर इथंही, पण थरथर ॲट्रोपिननं थांबत नाही, स्नायू सैल करणारं औषध लागतं. तिसरं गोचिड-औषध अमिट्राझ: त्यात कुत्रा सुस्त, गार पडतो, नाडी मंदावते. त्याचा उतारा आणखी निराळा.

झिंक फॉस्फाइड. पंधरा मिनिटांपासून चार तासांत उलट्या, बऱ्याचदा रक्ताच्या. भरल्या पोटी आम्ल जास्त, वायू जास्त. म्हणून खायला काहीही देऊ नका. याला नेमका उतारा नाही, म्हणून वेळ हीच मोठी गोष्ट.

उंदराची रंगीत वडी (ब्रोमाडिओलोन). फसवं विष. खाल्ल्यावर कुत्रा तीन ते पाच दिवस ठणठणीत असतो, “काही झालं नाही” म्हणून घरचे निर्धास्त होतात. मग नाकातून रक्त, काळी शी, पांढऱ्या हिरड्या, धाप. खाल्ल्याचं कळलं त्याच दिवशी दवाखाना गाठला तर हे सर्वांत बरं होणारं विष आहे. उतारा व्हिटॅमिन के-१, जेवणाबरोबर, तीन ते चार आठवडे. दोन चुका इथं ठरलेल्या. एक, के-१ ऐवजी के-३ आणणं, त्याचा काही उपयोग होत नाही. दोन, आठवड्यानं कुत्रा खेळायला लागला म्हणून गोळ्या थांबवणं. विष यकृतात आठवडेच्या आठवडे राहतं. शेवटच्या गोळीनंतर ४८ ते ७२ तासांनी रक्त गोठण्याची तपासणी करून घ्या.

उंदीरमार ट्यूब (पिवळा फॉस्फरस). आधी उलट्या, मग एक-दोन दिवस बरं वाटतं, मग कावीळ. मधल्या बऱ्या दिवसात घरी आणू नका. दूध-तेल अजिबात नको.

घरातल्या गोळ्या. कुत्र्याला ताप आला म्हणून आपली पॅरासिटामॉल देणं बंद करा. ६५० ची एक गोळी पाच किलोच्या पिल्लाला किलोमागे १३० मिलिग्रॅम होते आणि १०० च्या आसपासच यकृत धोक्यात येतं. डायक्लोफिनॅकनं पोटात जखमा होतात, मूत्रपिंडं बसतात.

झाडं आणि बाकी. धोतऱ्यानं लक्षणं फॉस्फरसच्या उलट: बाहुल्या मोठ्या, तोंड कोरडं, कुत्रा भ्रमात. कण्हेर हृदयावर जाते, एक-दोन पानांचीही वाट बघू नका. एरंडीची पेंड खत म्हणून टाकतात आणि कुत्र्याला तिचा वास आवडतो. तिची लक्षणं सहा तासांनीही सुरू होऊ शकतात. गोंदिया-गडचिरोलीकडे मोहाचा सडवा (दारूसाठी आंबवलेली मोहफुलं) पिऊन कुत्रा झिंगतो. हसण्यावारी नेऊ नका, दारूचीच विषबाधा ती. अंग गार पडतं, श्वास मंदावतो. पावसाळ्यात बेडूक (मोठा खरबरीत, भेक) तोंडात धरल्यावर फेस आला तर ओल्या फडक्यानं हिरड्या-जीभ पुसा, पाण्याची धार बाजूनं आणि तोंड खाली करून सोडा, पाणी घशात जाऊ देऊ नका. द्राक्षं आणि मनुकांचं सुरक्षित प्रमाण असं काही नाही. युरिया गायी-बैलांना जितका घातक तितका कुत्र्याला नाही, तरी उलट्या चालू राहिल्या तर दाखवा.

## टप्पा ८: घरी आणल्यावर

पहिले २४ तास कोणीतरी सोबत. फॉस्फरसच्या औषधांत एक ते चार दिवसांनी मान आणि पुढचे पाय लुळे पडू शकतात, श्वासही अडखळतो. सुधारलेला कुत्रा अचानक मान उचलेनासा झाला तर परत न्या. खाणं डॉक्टर सांगतील तेव्हा, सुरुवातीला मऊ भात आणि उकडलेली कोंबडी, तिखट-मीठ-तेल नाही, थोडं थोडं चार वेळा. शीचा रंग रोज बघा.

कुत्र्याची चादर, ताटली, साखळी साबणानं धुवा. उलटी झालेली जागा मातीसकट खरवडून, विहीर-नाल्यापासून लांब, खोल पुरा.

कुत्रा वाचला नाही तर उकिरड्यावर टाकू नका. त्याचं मांस खाऊन दुसरी कुत्री, घारी, कावळे मरतात. किमान चार फूट खोल पुरा. कोणी मुद्दाम विष घातल्याचा संशय असेल तर पुरण्याआधी पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन करून घ्या आणि पोलिसांत तक्रार द्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार जनावराला विष घालून मारणं गुन्हा आहे. पुडी आणि उलटीची पिशवी तोवर बंद करून, नाव-तारीख लिहून, घरातल्या खाण्याच्या वस्तूंपासून वेगळी ठेवा.

आणि त्याच संध्याकाळी: पंप विसळायची जागा बदला. खळगा मातीनं बुजवा. रंगवलेलं बियाणं झाकणाच्या पत्र्याच्या पेटीत घाला. उंदराची वडी जमिनीवर मोकळी ठेवू नका, कुत्र्याचं तोंड पोचणार नाही अशा अरुंद पाइपच्या तुकड्यात आत सरकवून ठेवा आणि किती वड्या ठेवल्या ते पाइपवरच लिहा. सकाळी मोजा.